अर्धीच तालीम: शाळा सुटल्यावर मैदानाची किल्ली कुणाकडे?

उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत 'तालीम' म्हणजे आखाडा, जिथे पोरं जोर-बैठका मारतात, लाल मातीत कुस्ती खेळतात. शब्द एकच, अरबीतून दोन्हीकडे आलेला. एका भाषेनं त्याचं पुस्तक घेतलं, दुसरीनं शरीर. आपल्या मोहल्ल्यांतल्या शाळांनी मात्र या दोन अर्थांची कायमची फारकत करून टाकली आहे. शाळा सुटल्याची घंटा होते, फाटक बंद होतं, कुलूप लागतं. त्यानंतर मुलं कुठे खेळतात, खेळतात की नाही, हा प्रश्न शाळेचा राहत नाही. आणि तो दुसऱ्या कुणाचाही होत नाही.

या विषयावर बोलायला बसलं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. शिक्षण खात्यातली माणसं आणि बाहेरून आलेले कार्यकर्ते म्हणतात, "तुमच्या समाजात पालकच मुलांना, त्यातही मुलींना, खेळू देत नाहीत. मानसिकतेचा प्रश्न आहे." आपल्यातली माणसं म्हणतात, "सरकार आपल्या वस्तीत मैदानच देत नाही, आपण काय करणार?" दोन्ही वाक्यांत थोडं तथ्य आहे. पण दोन्ही वाक्यं बोलणाऱ्याला मोकळं करतात, आणि म्हणूनच ती इतकी आवडीची झाली आहेत.

मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेली काही वर्षं आम्ही चार मित्र शनिवारी आमच्या भागातल्या एका अनुदानित उर्दू शाळेच्या मैदानावर मुलामुलींना फुटबॉल शिकवायला जातो. बिघाड कुठे आहे हे नोंदी बघून शोधायचं, अंदाजानं नाही, ही आमच्या धंद्याची सवय. म्हणून जो शनिवार रद्द होतो त्याचं कारण मी लिहून ठेवतो. वलीम्याचा मंडप. शिपाई रजेवर, किल्ली त्याच्या घरी. परीक्षेचं केंद्र. संस्थेची बैठक, गाड्या मैदानात लावलेल्या. पाऊस. ही कारणं पुन्हा पुन्हा येतात. 'पालकांनी विरोध केला' हे कारण मला अजून एकदाही लिहावं लागलेलं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. शाळेबाहेरच्या वेळेतला खेळ मानसिकतेमुळे अडत नाही, किंवा निव्वळ जमिनीमुळेही अडत नाही. तो अडतो कारण त्या तासाला मालक नाही. त्या तासाचा पगार कुणालाच मिळत नाही, जबाबदारी कुणावरही नाही आणि किल्ली कुणाच्या हातात असावी हे ठरलेलं नाही.

घड्याळ काय सांगतं

'शाळा सुटल्यावर खेळ' ही कल्पना एका पाळीत भरणाऱ्या शाळेची आहे. मुंबई, भिवंडी, मालेगाव इथल्या अनेक उर्दू शाळा दोन पाळ्यांत भरतात, कारण मुलं जास्त आणि वर्ग कमी. सकाळची पाळी दुपारी साडेबाराच्या आसपास सुटते. तेव्हा डोक्यावर ऊन आणि पोटात भूक. दुपारची पाळी साडेपाच-सहाला सुटते. डिसेंबरात मुंबई-पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे एका पाळीच्या मुलांना 'शाळेनंतर' ऊन आहे आणि दुसऱ्या पाळीच्या मुलांना अंधार.

त्यात मुलाचा दिवस इथे संपत नाही. मगरिबच्या आगे-मागे अरबीचा मकतब आहे, मग ट्यूशन आहे. दहावीच्या मुलाची गोष्टच वेगळी, त्याला श्वास घ्यायलाही क्लासची परवानगी लागते. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. मुलांच्या झोपेसाठी निर्णय चांगला. पण दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळेत नऊला सुरू होणारी पाळी पुढच्या पाळीला ढकलत नेते, आणि दिवसातला उरलासुरला मोकळा तुकडाही जातो.

म्हणून आपल्या शाळांसाठी 'शाळेनंतर' हा शब्दच सोडून द्यायला हवा. सकाळच्या पाळीची मुलं दुपारी चार-साडेचारला मैदानावर परत येऊ शकतात. तेव्हा दुपारची पाळी वर्गात असते आणि मैदान रिकामं असतं. दुपारच्या पाळीची मुलं सकाळी लवकर येऊ शकतात. वर्गांना गोंगाटाचा त्रास होईल हे खरं. त्यासाठी वर्गांपासून लांबचा कोपरा, शिट्टीऐवजी हाताच्या खुणा, दोरीच्या उड्या, कबड्डीऐवजी धावणं, असे मार्ग आहेत. मकतबच्या उस्तादांशी बसून अर्धा तास पुढे-मागे करता येतो. रमजानमध्ये वेळ वेगळी ठेवता येते, खेळ हलका ठेवता येतो. हे वेळापत्रकाचं गणित आहे, सुटणारं गणित आहे. पण ते सोडवायला कुणीतरी कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं, आणि ते काम कुणाच्याच यादीत नाही.

मैदान आहे, माणूस नाही

2018 च्या 'असर' पाहणीत देशभरातल्या ग्रामीण शाळा पाहिल्या गेल्या. दहापैकी साधारण आठ शाळांमध्ये किंवा शाळेजवळ खेळायला जागा होती. पण शारीरिक शिक्षणाचा वेगळा शिक्षक किती शाळांत होता? प्राथमिक शाळांपैकी जेमतेम 6 टक्क्यांत आणि उच्च प्राथमिकपैकी सुमारे 31 टक्क्यांत. पाहणी ग्रामीण भागाची आहे, पण दुखणं शहरातही तेच आहे. जागा सापडते, माणूस सापडत नाही.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे. त्याच्या अनुसूचीत मैदान आहे, खेळाचं साहित्य आहे. सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरच्या वर असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असंही त्यात आहे. शब्द नीट वाचा: अंशकालीन. म्हणजे कायद्यानंच या विषयाला अर्धा माणूस दिला, आणि तो अर्धा माणूसही वर्गाच्या तासिकांमध्येच संपतो. शाळेबाहेरच्या तासासाठी त्यातून काय उरणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मार्च 2023 मध्ये हरियाणातल्या एका शाळेच्या जागेवरच्या अतिक्रमणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मैदानाशिवाय शाळा असू शकत नाही असं बजावलं. उत्तम झालं. पण फाटक उघडणाऱ्या माणसाबद्दल कोण बजावणार? महाराष्ट्रात डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयानं खासगी अनुदानित शाळांमधल्या शिपायांच्या जागा रिकाम्या होतील तशा संपवायच्या आणि त्याऐवजी शाळेला ठोक भत्ता द्यायचा असं ठरलं. मंत्रालयातल्या फाइलीत हा आकृतिबंधाचा विषय होता. मैदानावर तो किल्लीचा विषय आहे. जुना शिपाई निवृत्त झाला की सकाळी सातला कुलूप काढणारा, संध्याकाळी सातला लावणारा, मुलींचं स्वच्छतागृह उघडं ठेवणारा, पाण्याची टाकी भरणारा माणूस गेला. भत्त्यावर आलेला माणूस शाळेच्या वेळेपुरता थांबतो. त्याला दोष देऊ नका. जादा तासाचे पैसे त्याला कुणी देत नाही.

राहिले मुख्याध्यापक. त्यांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं? शाळेच्या वेळेनंतर एखाद्या मुलाचा हात मोडला तर पालक त्यांच्याकडे येणार, संस्था त्यांना विचारणार, खातं त्यांना नोटीस काढणार. मुलं तासभर खेळून घामाघूम होऊन हसत घरी गेली तर मात्र त्यांना कुणी शाबासकी देणार नाही. विद्यार्थ्यांच्या अपघाती मृत्यूसाठी आणि अपंगत्वासाठी राज्याची सानुग्रह अनुदान योजना आहे. पण शाळेच्या वेळेबाहेर मैदान उघडं ठेवणाऱ्या मुख्याध्यापकाच्या पाठीशी आम्ही उभे आहोत, असं लेखी सांगणारं कुणी नाही. अशा व्यवस्थेत कुलूप लावणं हाच शहाणपणा ठरतो.

आता आपल्या घरात बघू

सरकारवर खापर फोडून इथे थांबलो तर हा लेख वाचायला सगळ्यांनाच गोड लागेल. पण आपल्या बहुतेक मुलांच्या माध्यमिक शाळा आपल्याच संस्था चालवतात. त्या संस्थांचे पदाधिकारी आपल्याच नात्यागोत्यातले आहेत.

2014 मध्ये प्रमति खटल्याच्या निकालानं अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, शिक्षण हक्क कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्या. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच एका खंडपीठानं या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठापुढे नेण्यासाठी पाठवला. न्यायालय काय ठरवायचं ते ठरवेल. पण मधल्या काळात आपण या सवलतीचं काय केलं? राज्यघटनेच्या कलम 30 नं आपल्याला आपल्या पसंतीच्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. मैदानावर इमारतीचा नवा मजला चढवण्याचा, उरलेल्या पट्ट्यात गाड्या लावण्याचा आणि दर रविवारी मंडपाचं भाडं घेण्याचा हक्क त्या कलमात कुठेही लिहिलेला नाही. अल्पसंख्याकांचा हक्क म्हणजे अल्पसंख्याकांच्या विश्वस्तांचा हक्क नव्हे. तो मुळात मुलांचा आहे.

मंडपाच्या भाड्यातून शाळेचा खर्च निघतो, असं उत्तर मिळतं. मान्य, अनुदान वेळेवर येत नाही, वेतनेतर खर्चाचे हाल आहेत. पण हिशोब दाखवा की! किती भाडं आलं आणि त्यातला किती रुपया मुलांच्या चेंडूवर गेला, हे फलकावर लावा. शहरात नवी रीत आली आहे ती टर्फची. मोकळ्या जागेवर हिरवी चटई टाकायची, जाळी लावायची, दिवे लावायचे आणि तासाच्या भावानं विकायची. माझ्यासारखे आयटीतले लोक रात्री दहाला ऑफिसचा थकवा काढायला तिथे पैसे भरून खेळतात. त्याच गल्लीतला चौथीतला मुलगा जाळीबाहेर उभा राहून बघतो. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला व्यायाम, ज्याच्याकडे नाहीत त्याला प्रेक्षकाची जागा.

आणि आपलं पदकांचं वेड. तालुक्याला, जिल्ह्याला एखाद्या मुलानं पदक आणलं की संस्थेच्या गेटवर फ्लेक्स लागतो, अध्यक्षांचा फोटो मुलापेक्षा मोठा. सरकारी धोरणही त्याच वळणाचं आहे: खेळाडूला वाढीव गुण, नोकरीत 5 टक्के आरक्षण. हे असावंच. पण यानं शाळेला अकरा मुलांचा संघ उभा करायला पुरेसं कारण मिळतं, पाचशे मुलांना पळवायला मिळत नाही. श्रीरामपूरचा झहीर खान आणि निजामाबादची निखत झरीन यांचा आपल्याला अभिमान आहे. निखतच्या घरात वडील स्वतः खेळलेले होते, त्यांनी तिला मैदानावर नेलं. शाळा लागते ती ज्या मुलीचे वडील तिला मैदानावर नेणार नाहीत तिच्यासाठी.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी एक तास दम लागेल अशी हालचाल हवी. 2016 च्या आकडेवारीनुसार जगातल्या 11 ते 17 वयाच्या 81 टक्के मुलांना ती मिळत नव्हती, मुलींमध्ये हे प्रमाण 85 टक्के होतं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानं देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. आपल्या मोहल्ल्यातल्या दवाखान्यात बसून बघा, चाळिशीच्या आतली किती माणसं साखरेच्या गोळ्या नेतात. ही बेरीज शाळेच्या बंद फाटकापासून सुरू होते.

मुलींचा प्रश्न

'मानसिकता' हा शब्द सगळ्यात जास्त इथे वापरला जातो, म्हणून इथे थोडं थांबू.

मुंब्र्यात 2012 पासून 'परचम' या गटाच्या मुली फुटबॉल खेळत आहेत. सुरुवातीला त्यांच्याकडे मैदान नव्हतं. त्यांनी मैदानासाठी सह्या गोळा केल्या, लोकप्रतिनिधींकडे गेल्या, भांडल्या. त्यांत ओढणी घेणाऱ्या होत्या, न घेणाऱ्याही होत्या. मुस्लिम वस्तीतल्या मुलींना खेळायचं नाही, असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरे आहे.

मग मुली का थांबतात? आमच्या मैदानावर ज्या मुली यायच्या बंद झाल्या त्यांच्या घरी आमच्यातल्या दोघी जणी जाऊन आल्या. आयांनी धर्म काढला नाही. त्यांनी विचारलं: परत येताना सोबत कोण असेल? रस्त्यावरचा दिवा लागतो का? शिकवणारी बाई आहे की सगळे पुरुष? पाळी आली तर संडास उघडा असेल का? हाफ पँट घालावी लागेल का? पाचही प्रश्नांना उत्तर आहे, आणि पाचही उत्तरं शाळेच्या हातात आहेत. गटानं घरी सोडणं, एक महिला प्रशिक्षक, उघडं स्वच्छतागृह, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट. आंतरराष्ट्रीय फुटबॉलनं 2014 मध्ये स्कार्फला अधिकृत मान्यता दिली, बास्केटबॉलनं 2017 मध्ये. जगाच्या मैदानावर मिटलेला वाद आपण शाळेच्या मैदानावर का उकरून काढायचा? जिला स्कार्फ घालून खेळायचं तिनं घालून खेळावं, जिला नको तिनं तसं. खेळातून मात्र कुणीही बाहेर जाऊ नये.

तरीही काही मंडळी म्हणतील, मुलींचं उघड्यावर धावणं आपल्या दीनमध्ये बसत नाही. त्यांना एवढंच सांगतो की प्रेषितांनी हजरत आयशा यांच्याशी धावण्याची शर्यत लावल्याची रिवायत अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. एकदा त्या जिंकल्या, पुढे एकदा प्रेषित जिंकले. ज्यांना परंपरेचा हवाला हवा त्यांनी तो पूर्ण घ्यावा, सोयीपुरता नको.

तासाला मालक दिला तर

फ्रान्समध्ये प्रत्येक सरकारी माध्यमिक शाळेत क्रीडामंडळ असतं आणि शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाच्या आठवड्याच्या पगारी कामातले तीन तास त्या मंडळासाठी धरलेले असतात. बुधवारची दुपार त्यासाठी मोकळी ठेवण्याची रीत आहे. शिक्षक उपकार करत नाही, नोकरी करतो. हाच फ्रान्स 2004 च्या कायद्यानं शाळेत स्कार्फवर बंदी घालतो आणि कित्येक मुलींना दारातच अडवतो. त्याची बंदी आपल्याला नको, त्याचे तीन तास हवेत.

उलट टोकाला जपान. तिथे शाळेनंतरच्या क्लबांची मोठी परंपरा आहे, पण तिचं ओझं शिक्षकांच्या जादा, बहुतांशी बिनमोबदल्याच्या तासांवर उभं होतं. शिक्षक पिचले. शेवटी 2023 पासून सरकारला सुट्टीच्या दिवसांचे क्लब हळूहळू स्थानिक संस्थांकडे सोपवायला सुरुवात करावी लागली. यातून आपण शिकावं ते असं: स्वयंसेवकांच्या आणि शिक्षकांच्या चांगुलपणावर हा तास उभा करू नका. आम्ही चार मित्र शनिवारी जातो याचं कौतुक होतं. ते नको. आमच्यातल्या एकाची बदली बंगळुरूला झाली की शनिवार बंद पडेल. एका माणसावर लटकलेली यंत्रणा ही यंत्रणाच नसते.

खर्चाचा हिशोब मांडतो, दर आमच्या भागातले धरून. दीडशे मुलं, वर्षात 200 दिवस, दोन प्रशिक्षक, त्यातली एक बाई. प्रत्येकाला दिवसाचे 500 रुपये: वर्षाला दोन लाख. किल्ली, पाणी, स्वच्छतागृह सांभाळणाऱ्याला जादा वेळेचे दिवसाला 200 रुपये: चाळीस हजार. चेंडू, दोऱ्या, प्रथमोपचाराची पेटी: तीस हजार. एकूण दोन लाख सत्तर हजार. म्हणजे मुलामागे महिन्याला दीडशे रुपये. आपल्या वस्तीतल्या एका मध्यम लग्नाच्या खर्चात दीडशे मुलांचं वर्ष निघतं. जकात-सदक्यातून आपण शिष्यवृत्त्या देतो, वह्या वाटतो. नफली सदक्यातला एक वाटा या तासासाठी का नको?

येत्या जूनपर्यंत तीन गोष्टी करता येतील. महापालिकेच्या उर्दू शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू आहे, तिथल्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. त्या पालकांनी पहिल्याच बैठकीत ठराव मांडावा: मैदान कोणत्या वेळी उघडं, किल्ली कुणाकडे, पगार कोण देणार. संस्थांच्या शाळांनी कायद्याची वाट न बघता मैदानाचं भाडं आणि मैदानावरचा खर्च जाहीर करावा, आणि शाळा चालू असलेल्या दिवशी मैदान कुणालाही देऊ नये. आणि शिक्षण विभागानं एका साध्या परिपत्रकानं मुख्याध्यापकांना लेखी आधार द्यावा, शाळेबाहेरच्या तासाला मानधनाचं लेखाशीर्ष द्यावं. सरकारकडे मागायचं ते मागूच. पण आपल्या फाटकाच्या किल्लीसाठी मंत्रालयात जावं लागत नाही.

पुढच्या वेळी कुणी म्हणालं की तुमच्या समाजाची मानसिकता बदलायला हवी, तर त्याला म्हणा, बदलू, आधी फाटक उघड. आणि फाटक आपल्याच संस्थेचं असेल, तर हे वाक्य आपल्याच अध्यक्षांना ऐकवायची हिंमत ठेवा.